स्कोअरिंग जर्मन

दहावीचा निकाल लागला की पुढचे पंधरा दिवस पुण्यात जर्मन भाषेला जो भाव येतो, तो बर्लिनमध्येही तिला कधी मिळाला नसेल. पेढे वाटून होतात, टक्के सांगून होतात, ज्याला आपल्यापेक्षा जास्त पडले त्याच्याविषयी "हल्ली पेपर सढळ हाताने तपासतात हो" हेही म्हणून होतं, आणि मग लिफ्टमध्ये, वाण्याच्या दुकानात, सकाळच्या योगवर्गात शवासन चालू असतानासुद्धा एकच प्रश्न कानावर येतो: "सेकंड लँग्वेज काय घेतोय?" सायन्स की कॉमर्स हे पोर पाचवीत असतानाच ठरलेलं असतं. क्लासची फी आठवीत भरलेली असते. कॉलेज कुठलं, हे ऑनलाइन यादी ठरवते. आईवडिलांच्या हातात उरते ती ही एवढी एक भाषा. मग तिची चौकशी अशी कसून होते की बस्स.

नियम साधा आहे. राज्य मंडळाची बारावी व्हायची तर इंग्रजी सक्तीचं, आणि त्याच्या जोडीला आणखी एक भाषा. त्या दुसऱ्या खुर्चीवर मराठी, हिंदी, संस्कृत, गुजराती, उर्दू बसू शकतात, आणि कॉलेजात सोय असेल तर जर्मन, फ्रेंच, जपानी, रशियनसुद्धा. मराठीची सक्ती २०२०च्या कायद्याने पहिली ते दहावी सगळ्या मंडळांच्या शाळांना लागू आहे. दहावी झाली की ती सुटते, आणि सुटल्याबरोबर पोरं जी पळत सुटतात ती थेट ऱ्हाईनच्या काठावर जाऊन थांबतात.

कारण मराठी स्कोअरिंग नाही. हे आमच्या सोसायटीतल्या प्रत्येक आईला तोंडपाठ आहे, आणि त्यामागचं तर्कशास्त्र निर्दोष आहे. मराठीच्या पेपरात चूक केली तर परीक्षकाला लगेच कळते. बरोबर लिहिलं तरी त्याला ते आवडेलच, याची खात्री नाही. शिवाय मराठीत स्वतःचे विचार लिहावे लागतात. सोळाव्या वर्षी स्वतःचे विचार असले तरी ते पेपरात लिहिण्यासारखे नसतात. जर्मनचं तसं नाही. जर्मनमध्ये पोराकडून विचारांची अपेक्षा कोणीच करत नाही. शेवटच्या अक्षरावर योग्य प्रत्यय चिकटला की गुण पदरात. हिंदी मधली, "सेफ" म्हणतात तशी. संस्कृत स्कोअरिंग, पण दहावीत एकदा शंभरापैकी नव्व्याण्णव पडले की पुन्हा कशाला, असा सूर. फ्रेंचला थोडं वजन आहे, पण अर्धी अक्षरं लिहून वाचायची नाहीत हा प्रकार पुणेकराला पटत नाही. पैसे देऊन घेतलेली वस्तू न वापरता ठेवल्यासारखं वाटतं त्याला. जपानीबद्दल आदर आहे. "छान असते म्हणे, पण चित्रं काढावी लागतात."

आणि या सगळ्या भाषांच्या रांगेत, कोपरे घुसवत, एक माउसही उभा आहे. दुसरी भाषा नको असेल तर तिच्याऐवजी आयटी घेता येतं. इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी. एचटीएमएल, जावास्क्रिप्ट, पीएचपी. परीक्षा ऑनलाइन, अक्षर वाईट असलं तरी चालतं, आणि व्याकरण चुकलं तर परीक्षकाऐवजी पडदाच सांगतो. म्हणजे महाराष्ट्रातलं मूल सतराव्या वर्षी इंग्रजी आणि पीएचपी अशा दोन भाषांत पारंगत होऊन शिक्षणाचा एक टप्पा ओलांडू शकतं. हसू नका. अमेरिकेतल्या टेक्सास राज्याने २०१३ साली कायदाच केला की शाळा संपवताना परकी भाषेची जी अट आहे ती संगणकाची प्रोग्रॅमिंग भाषा शिकूनही भागवता येईल. फ्लोरिडाच्या सिनेटने २०१६ साली तशाच विधेयकाला मंजुरी दिली होती, पण तिथलं दुसरं सभागृह अडलं. तिथे स्पॅनिश बोलणारी माणसं गल्लोगल्ली आहेत. बहुधा त्यांच्यातल्या कोणीतरी विचारलं असेल की शेजाऱ्याशी कुठल्या भाषेत भांडायचं, जावामध्ये?

तर पोर जर्मन घेतं. आता वर्गात काय चालतं ते बघा. पहिला मोठा निबंध असतो 'माइने फामिली', म्हणजे माझं कुटुंब. गाईडमधल्या या कुटुंबात आई, बाबा, एक बहीण, एक कुत्रा आणि घरामागे बाग. वर्गातली सगळी मुलं तोच पाठ करतात. त्यामुळे सहामाहीच्या पेपरांवर विश्वास ठेवायचा तर कोथरूडपासून कात्रजपर्यंत प्रत्येक फ्लॅटच्या मागे बाग आहे, आणि तीत एक कुत्रा खेळतो आहे. तो नेहमी तपकिरी असतो, कारण काळ्याला कुठला प्रत्यय लागतो ते धड्यात आलेलं नाही. बाबा ऑफिसला बसने जातात. मुलाला एकुलता एक असूनही बहीण आहे. आजी कोणाच्याच घरी नाही, कारण गाईड लिहिणाऱ्याला आजी सुचली नाही. हा निबंध डोळ्यांसमोर आणला की एवढं मोठं, सुखी आणि एकसारखं शहर जगात दुसरं नसेल असं वाटतं.

तोंडी परीक्षेचे गुण वेगळे. नाव काय, राहतोस कुठे, छंद कोणता. "कसा आहेस?" या प्रश्नाला "छान, आभारी आहे" हे एकच उत्तर अवगत असतं. पोट दुखत असलं तरी छान. कालच्या भौतिकशास्त्राच्या चाचणीत गचका बसला असला तरी छान. दोन वर्षं जर्मन शिकून महाराष्ट्रातल्या एकाही मुलाला जर्मनमध्ये बरं नाही असं कधी झालेलं नाही.

गंमत अशी की मराठी पोराला जर्मन खरोखरच सोपी जावी. मार्क ट्वेनने १८८० साली जर्मन भाषेवर जे प्रसिद्ध कडकडाटी प्रकरण लिहिलं, त्यात त्याचा मोठा राग लिंगांवर होता. वस्तूंना तीन-तीन लिंगं, आणि कुठल्या वस्तूला कुठलं हे कळायला मार्ग नाही. बिचारा इंग्रजीतून आलेला. चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी, हे ऐकून इंग्रज माणसाचं जेवणावरून मन उडतं. मराठी पोराला त्यात नवल ते काय? घरात तो डबा, ती पेटी आणि ते कपाट हे सगळं आधीच नांदतं आहे, आणि त्याचं कारण आपण तरी कुठे कोणाला सांगू शकतो?

आकड्यांचंही तेच. जर्मनमध्ये एकवीस म्हणताना आधी एक येतो, मग वीस. अगदी आपल्यासारखं. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस एक', 'सत्तर तीन' अशी वाचनपद्धत सुचवली तेव्हा महाराष्ट्रात जो गहजब झाला, तो आठवा. संपादकांना पत्रं गेली, विधानसभेत आवाज उठला. त्या वेळी एकवीसच्या बाजूने छाती पुढे काढून उभा राहिलेला प्रत्येक माणूस नकळत जर्मन बाजूने लढत होता. फ्रेंच लोक तर नव्व्याण्णव म्हणायला 'चार वीस दहा नऊ' म्हणतात. शाळेत पाढे म्हटलेल्या मराठी माणसाने यांच्यापैकी कोणालाही घाबरायचं कारण नाही.

पण हे सगळं पोरापर्यंत पोचत नाही, कारण ते तुलना करण्याइतपत मराठी लिहीत नाही आणि चुका करण्याइतपत जर्मन बोलत नाही. त्याच्या वहीत जर्मनचे तक्ते असतात. प्रथमेला हा, द्वितीयेला हा, चतुर्थीला हा. हे तक्ते त्याच्या आजोबांनीही पाठ केले होते, फक्त ते देवः देवौ देवाः असे होते. घराण्याची परंपरा म्हणतात ती हीच. मधल्या दोन पिढ्यांत विभक्ती तीन कमी झाल्या, द्विवचन गेलं, आणि फी वाढली.

या परंपरेचा मूळपुरुष म्हणून ज्याचं नाव पुण्या-मुंबईतल्या जर्मन शिकणाऱ्यांच्या तोंडी असतं तो मॅक्स म्यूलर हा तर अजब गृहस्थ. जर्मनीत जन्मला, ऑक्सफर्डला नोकरी केली, ऋग्वेदाची सायणभाष्यासह आवृत्ती काढायला १८४९ ते १८७४ अशी पंचवीस वर्षं घालवली, आणि हिंदुस्थानात एकदाही पाऊल टाकलं नाही. जर्मनीच्या ग्योटे संस्थेची भारतातली केंद्रं त्याच्या नावाने ओळखली जातात. त्याने संस्कृत घेतलं तेव्हा त्याच्या आईने शेजारणीला विचारलं असेल का, की हे स्कोअरिंग आहे का? नसावं. त्या काळी लायप्झिगला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप नव्हते.

दुसऱ्या भाषेच्या रकान्याला आपल्याकडे जुना आणि मुळीच हसण्यासारखा नसलेला इतिहासही आहे. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत संस्कृत शिकायचं होतं. जातीमुळे ते नाकारलं गेलं आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या हिमतीवर अभ्यासलं, जर्मनही शिकले, आणि बॉनच्या विद्यापीठात नावही नोंदवलं. एका माणसाला जी भाषा मागूनही मिळाली नाही, ती आज मंडळ ताटात वाढून देतं आणि आपण विचारतो, यात ऐंशीपैकी किती पडतात.

बाकी जगातही भाषेच्या सक्तीने कोणाला सुखाने झोपू दिलेलं नाही. फिनलंडमध्ये घरी फिनिश बोलणाऱ्या मुलांना शाळेत स्वीडिश शिकावीच लागते, आणि त्यावर तिथे वर्षानुवर्षं वाद घुमतो आहे. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याने पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली, उलटंच केलं: आठवी पास होईपर्यंत मुलांना परकी भाषा शिकवायचीच नाही. रॉबर्ट मेयर नावाच्या शिक्षकाने एका दहा वर्षांच्या मुलाला जर्मन वाचायला शिकवलं म्हणून त्याला २५ डॉलर दंड झाला. मेयर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९२३ साली जिंकला. जर्मन शिकवण्याबद्दल दंड! आमच्याकडच्या क्लासवाल्यांना हे सांगितलं तर ते पंचवीस डॉलर फीमध्ये धरून पावती देतील. इंग्लंडने तर २००४ साली चौदा वर्षांपुढच्या मुलांवरची परकी भाषेची सक्ती काढूनच टाकली. बरोबर आहे त्यांचं. बाकीचं जग इंग्रजी शिकायला फी भरत असताना त्यांनी उगाच कशाला त्रास घ्यावा?

आपल्याकडचा सगळ्यात बहारीचा प्रसंग मात्र केंद्रीय विद्यालयांचा. २०११ साली तिथे ग्योटे संस्थेशी करार होऊन सहावी ते आठवीला तिसरी भाषा म्हणून जर्मन आली. मुलं तीन वर्षं 'गुटेन मोर्गेन' करत होती. २०१४च्या नोव्हेंबरात, शालेय वर्ष अर्ध्यावर आलेलं असताना, सरकारने ठरवलं की तिसरी भाषा भारतीयच हवी. जर्मन बाजूला, संस्कृत आत. याच सुमारास ब्रिस्बेनला जी-२० परिषद चालू होती. तिथे युरोपातलं संकट आणि जगाचं अर्थकारण या विषयांतून वेळ काढून अँगेला मर्केल यांनी पंतप्रधान मोदींकडे आपल्या सातवीतल्या पोरांच्या जर्मनचा विषय काढला. आपला कुठलाही अभ्यास जागतिक पातळीवर पोचला तो हा एकदाच. पालक न्यायालयात गेले. शेवटी सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की या वर्षी मुलांची संस्कृतची परीक्षा घेणार नाही. त्या क्षणी देशातल्या त्या हजारो मुलांचं संस्कृतवर जे प्रेम जडलं असेल, तेवढं कालिदासानेही त्यांच्यात जागवलं नसतं.

आणि २०२५ साली महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा करायचा शासन निर्णय १६ एप्रिलला निघाला, मग शब्द बदलून पुन्हा निघाला, आणि २९ जूनला पार मागे घेतला. मधले अडीच महिने राज्य पेटून उठलं होतं. लहान पोरांवर भाषांचं ओझं नको, हे म्हणणं मला पटलं. पण त्याच जून महिन्यात, त्याच गल्लीत, सकाळी मोर्चाला गेलेले एक काका संध्याकाळी मुलाच्या जर्मनच्या क्लासचा पहिला हप्ता भरताना भेटले. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "ही आपण घेतलेली आहे. ती लादलेली होती." यावर बोलणं खुंटतं.

आता मुद्द्याचं. एवढा आटापिटा करून मिळवलेले जर्मनचे पंच्याण्णव पुढे जातात कुठे? इंजिनिअरिंगची गुणवत्ता यादी सीईटीवर लागते. डॉक्टर व्हायचं तर नीट. आयआयटीवाल्यांना बारावीच्या टक्क्यांची एक किमान रेघ ओलांडावी लागते, तेवढा अपवाद सोडला तर ते पंच्याण्णव कुठल्याच यादीत चढत नाहीत. मग ते हवेत कशाला? मावशीला सांगायला. बारावीच्या निकालाच्या दिवशी मावशीचा फोन येतो, तिला एकूण टक्के सांगायचे असतात, आणि मावशीच्या मुलीला दोन वर्षांपूर्वी किती पडले होते हे घरात कोणीही विसरलेलं नसतं. राज्य मंडळाच्या परकी भाषांच्या धोरणाचा पाया हा असा थेट मावशीवर उभा आहे.

निकालानंतर जर्मनचं पुस्तक रद्दीत जातं. इंजिनिअरिंगची चार वर्षं होतात. मग एके दिवशी मुलाला कळतं की जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क फारसं नाही. घरात उत्साह पसरतो. आई म्हणते, "तुझं तर जर्मन झालेलंच आहे!" मुलगा ग्योटे संस्थेच्या केंद्रात जातो, पातळी तपासायची चाचणी देतो, आणि त्याला सांगतात: ए वन. म्हणजे बिगरी. तिथे वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण अशा चार गोष्टी वेगवेगळ्या तपासतात, आणि गाईडमधला तपकिरी कुत्रा त्यांतल्या एकीतही मदतीला येत नाही. मार्कशीट दाखवली तर समोरची बाई कौतुकाने बघते आणि परत देते.

त्या वर्गात त्याच्या शेजारी कोण बसतं? साताऱ्याकडून आलेली एक नर्स. शाळेत तिने परकी भाषेचं नावही ऐकलेलं नाही. बारावीला मराठी होतं, त्यात बासष्ट. तिला जर्मनीतल्या इस्पितळात नोकरी करायची आहे, त्यासाठी बी टू पर्यंत जायचं आहे, आणि डोक्यावर कर्ज आहे. ती चुकते, आणि मोठ्याने चुकते. प्रत्यय भलताच लावते, पुल्लिंगाला स्त्रीलिंग जोडते, आणि वाक्य संपवूनच थांबते. आमचा पंच्याण्णववाला तोवर मनातल्या मनात तक्ता शोधत असतो. "कुठे दुखतंय?" "कधीपासून?" "औषध घेतलं का?" हे ती पहिल्या महिन्यात विचारायला शिकते, कारण हे न विचारता तिचं चालणारच नाही. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हा जी माणसं तिकडे हवी होती ती अशीच: नर्स, इलेक्ट्रिशियन, गाडी चालवणारे. त्यांना जर्मन शिकवायची सोय करायचं ठरलं. जर्मन स्कोअरिंग आहे हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, ते एक बरं झालं.

मला विचाराल तर मंडळाने गुणपत्रिकेवर परकी भाषेपुढे आकडा छापायचं बंद करावं. नुसतं लिहावं: या विद्यार्थ्याने परक्या माणसाशी पाच मिनिटं बोलून दाखवलं, किंवा दाखवलं नाही. निम्म्या जागा दुसऱ्या दिवशी रिकाम्या होतील, क्लासवाले उपोषणाला बसतील, आणि मावशी पोरक्या होतील. उरलेली मुलं मात्र बोलायला लागतील. अर्थात हे होणार नाही. मावशी मतदार आहेत.

तेव्हा यंदाही घ्या जर्मन, खुशाल घ्या. पालकांना एवढीच विनंती आहे की गणपतीत पाहुणे आल्यावर पोराला हॉलमध्ये बोलावून "काकांना जर्मनमध्ये काहीतरी बोलून दाखव" असं म्हणू नका. सहामाही जवळ आलेली असते, त्याला कुटुंबावरचा निबंध सोडून काही येत नाही, आणि तुमच्या फ्लॅटमागे बाग नाही हे पाहुण्यांना खिडकीतून दिसत असतं.